बोरघाटातला सोडून दिलेला पूल

बदलापूर या नावाची एक लोकसमजूत आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकली असेल. घाटाकडे जाणारे वा घाट उतरून येणारे स्वार येथे दमलेले घोडे बदलत, म्हणून हे बदलापूर. समजूत खरी असो वा नसो, तिच्यामागचा अनुभव मात्र खरा आहे. सह्याद्री चढायचा तर सपाटीवरची सोय पुरत नाही, काहीतरी बदलावे लागते. आजही पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते आणि तिला मागून ढकलणारी जादा इंजिने लावली जातात. एके काळी तर याच मार्गावर, खंडाळ्याच्या अलीकडे, धावत्या गाडीचे तोंडच बदलावे लागे. त्या जागेला रिव्हर्सिंग स्टेशन म्हणत. त्या स्टेशनाचा मार्ग रेल्वेने पुढे सोडून दिला. रूळ गेले, पण त्या मार्गावरचा एक दगडी पूल नव्वद वर्षे जागेवर उभा राहिला. या लेखात त्या पुलाची हकीकत पाहायची आहे. ती पाहताना चढ, घर्षण आणि चालणे यांचे थोडे गणितही करून पाहू.

घाटाच्या पायथ्यापर्यंत

मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी गेली, हे आपण वर्गात शिकवतोच. पुढच्या वर्षी, १ मे १८५४ रोजी, गाडी कल्याणला पोचली. कल्याणहून उल्हास नदीच्या खोऱ्यातून बदलापूर, नेरळ, कर्जत या बाजूने मार्ग पुढे नेण्यात आला आणि १२ मे १८५६ रोजी तो घाटाच्या पायथ्याशी पळसदरीपर्यंत व खोपोलीपर्यंत खुला झाला. घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे हा भाग १४ जून १८५८ रोजी सुरू झाला. म्हणजे खाली रेल्वे होती, वर रेल्वे होती आणि मध्ये डोंगर होता. जवळजवळ पाच वर्षे पुण्याचा प्रवासी पायथ्याशी गाडीतून उतरे, पालखीत, तट्टावर, बैलगाडीत किंवा पायी घाट चढे आणि वर दुसऱ्या गाडीत बसे. त्यासाठी गाडीरस्ता होता. तो मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० साली खुला झाला होता. हे साल लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम पडणार आहे.

इंजिनाला चढ का जड जातो?

माणूस जिना सहज चढतो. बैल घाट चढतो. मग शेकडो घोड्यांची शक्ती असलेले इंजिन का अडखळते? याचे उत्तर शक्तीत कमी, घर्षणात अधिक आहे.

लोखंडी रुळावर लोखंडी चाक फारच कमी अडथळ्याने फिरते. हाच रेल्वेचा मोठा गुण. सपाट रुळावर एक टन वजन ओढत ठेवायला सुमारे ५ किलोग्रॅम-भार एवढे बल पुरते. आता चढ घेऊ. बोरघाटात सर्वांत तीव्र चढ १ : ३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर गाडी १ मीटर वर जाते. या चढावर एक टन वजनासाठी १००० भागिले ३७, म्हणजे सुमारे २७ किलोग्रॅम-भार जास्तीचे बल लागते. मूळचे ५ त्यात मिळवले की ३२ झाले. डोळ्यांना जेमतेम जाणवणाऱ्या या चढाने ओझे सहापटींहून अधिक वाढवले!

दुसरी बाजू इंजिनाच्या पकडीची. ज्या गुळगुळीतपणामुळे गाडी हलकी धावते, त्याच गुळगुळीतपणामुळे इंजिनाचे चाक जागच्या जागी फिरू शकते. कोरड्या रुळावर घर्षणांक ०.२५ धरला आणि इंजिनाच्या चालत्या चाकांवर ४० टन भार आहे असे मानले, तर इंजिन जास्तीत जास्त १० टन-भार एवढे ओढू शकेल. १०,००० भागिले ३२ केले की सुमारे ३१० टन येतात, आणि त्यात इंजिनाचे स्वतःचे वजनही आले. पावसाळ्यात ओल्या रुळावर घर्षणांक ०.१ पर्यंत उतरला, तर हाच आकडा १२५ टनांवर येतो. बोरघाटातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या आकड्याचा अर्थ सांगायला नको. बल आणखी वाढवून उपयोग नसतो, कारण चाके नुसती गरगर फिरतात. म्हणून मार्ग आखणाऱ्याला एकच उपाय उरतो : चढ कमी ठेवायचा आणि त्यासाठी वाट लांबवायची.

जी. आय. पी. रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी तेच केले. पायथा ते माथा ही १८३१ फूट (सुमारे ५५८ मीटर) उंची त्यांनी जवळजवळ १६ मैलांत (साधारण साडेपंचवीस किलोमीटरांत) पसरवली. सरासरी चढ १ : ४६ च्या आसपास आला. त्यासाठी २५ बोगदे खोदावे लागले आणि ८ मोठे कमानी पूल बांधावे लागले.

गाडीचे तोंड फिरवणारे स्टेशन

पण वाट लांबवायची म्हणजे ती कुठेतरी वळवावी लागते. मोटार घाटात चटकन वळते, आगगाडी वळत नाही. वळणाची त्रिज्या ३०० मीटर धरली, तर गाडीला उलट्या दिशेने फिरायला ६०० मीटर रुंदीची जागा लागेल. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी असलेल्या डोंगराच्या सोंडेवर एवढी जागा आणायची कोठून?

त्यावर काढलेली युक्ती साधी होती. चढाचे दोन-तृतीयांशाहून थोडे अधिक अंतर गेल्यावर, खंडाळ्याच्या खाली, एक सपाट जागा तयार केली. गाडी तेथे येऊन थांबे. इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडले जाई आणि गाडी आता मागच्या बाजूने पुढे निघून वरच्या चढाला लागे. इंग्रजी व्ही अक्षर आडवे ठेवले तर जसे दिसेल, तसा हा मार्ग. बोट वहीवर एका रेषेने वर नेऊन, थांबून, दुसऱ्या रेषेने परत वर आणले की मुलांना ही कल्पना लगेच कळते. अशीच व्यवस्था कसाऱ्याच्या थळघाटातही करण्यात आली होती. ऑस्ट्रेलियात लिथगो येथे १८६९ साली सुरू झालेला ‘झिग झॅग’ मार्ग याच जातीचा, तर दार्जिलिंगच्या छोट्या गाडीचे असे टप्पे आजही चालू आहेत.

या युक्तीत एक धोका होता. उतरणाऱ्या गाडीला स्टेशनाच्या टोकाशी थांबावेच लागे, कारण पुढे दरी होती. जानेवारी १८६९ मध्ये उतारावर ताबा सुटलेली एक गाडी स्टेशनात न थांबता टोकापलीकडे गेली आणि मोठा अपघात झाला. उतारावरचा वेग ही चढाइतकीच अवघड गोष्ट आहे, हे त्या अपघाताने दाखवले. आजही घाटात उतरत्या गाडीसाठी चढावर नेणारे आडमार्ग राखलेले असतात. ताबा सुटलेली गाडी त्या चढावर जाऊन तिची गती आपोआप संपावी, हा त्यांचा हेतू.

कोणी बांधले?

घाटाचे काम १८५६ साली विल्यम फॅविएल या कंत्राटदाराने सुरू केले. १८५९च्या जानेवारीत मजुरी थकल्यावरून मजुरांनी दंगा केला आणि त्यानंतर थोड्याच काळात फॅविएलने काम सोडले. मग सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार आला, पण भारतात आल्यावर काही दिवसांतच आजारी पडून तो मरण पावला. कंत्राट त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने हाती घेतले आणि जाणकार अभियंत्यांना कामावर नेमून ते पुरे करून घेतले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एवढ्या मोठ्या बांधकामाची सूत्रे एका स्त्रीकडे असणे ही दुर्मीळ गोष्ट होती.

१८६१ साली काम ऐन भरात असताना घाटात ४२ हजारांहून अधिक माणसे राबत होती. पाण्याची टंचाई, पावसाळा आणि पटकीची साथ यांत त्यांतली फार माणसे गेली. अभियंते, गव्हर्नर आणि कंत्राटदार यांची नावे इतिहासात आहेत. ज्यांनी दोराला लोंबकळत कड्याला सुरुंगाची भोके पाडली, त्यांची नावे कोठे नाहीत. घाटातल्या जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. साहेबाला घाटाची वाट एका धनगराने दाखवली आणि त्याचाच पुढे जीव घेतला गेला, अशी त्याची कथा सांगतात. ही लोककथा आहे, कागदोपत्री पुरावा नव्हे. तरी गुरे-मेंढरे घेऊन डोंगर चढणाऱ्याला सोपा चढ कोठे आहे हे नकाशा काढणाऱ्याआधी ठाऊक असते, एवढे तथ्य त्या कथेत नक्की आहे.

२१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्गाचे उद्घाटन झाले. बर्कली ते पाहायला नव्हते, आदल्या वर्षीच त्यांचे निधन झाले होते. काम मोठे होते, पण ते सगळेच पक्के नव्हते. जुलै १८६७ मध्ये, ऐन पावसात, ‘मऊ की मळी’ या नावाने नोंदलेला घाटातला उंच कमानी पूल कोसळला. त्यानंतर रेल्वेच्या दगडी बांधकामाच्या दर्जाबद्दल चौकशी झाली आणि त्या जागी लोखंडी तुळयांचा पूल आला. जुने म्हणजे सारे मजबूत, असे आपण सहज म्हणतो. पण जे मजबूत होते तेवढेच टिकले, आणि टिकलेलेच आपल्याला दिसते.

रूळ का उचलले?

साठ-पासष्ट वर्षांत गाड्या लांब आणि जड झाल्या. रिव्हर्सिंग स्टेशनाच्या लांबीपेक्षा लांब गाडी घाटातून नेताच येत नव्हती. प्रत्येक गाडी थांबवून इंजिन फिरवण्यात वेळ जाई आणि मागची गाडी खोळंबे. तोवर बोगदे खणण्याचे तंत्र सुधारले होते. डोंगराला वळसा घालण्याऐवजी त्याच्या पोटातून सरळ जाणे आता परवडण्यासारखे झाले होते.

त्याच सुमारास विजेची इंजिने आली. कल्याणजवळ ठाकुर्लीला चोळ्याचे वीजघर रेल्वेसाठीच उभे राहिले. मुंबई-पुणे मार्गाचे विद्युतीकरण १९२९च्या नोव्हेंबरात पुरे झाले. मालगाडीच्या नव्या विजेच्या इंजिनाला रेल्वेचे लोक ‘खेकडा’ म्हणत. नवे बोगदे असलेला नवा मार्ग वापरात आला आणि रिव्हर्सिंग स्टेशनाची गरज संपली. स्टेशन बंद झाले, त्याच्या दोन्ही अंगांचा मार्ग ओस पडला.

उरलेला पूल

या ओस मार्गावर मुंबई-पुणे रस्त्याला ओलांडून जाणारा दगडी कमानींचा एक पूल होता. वर रेल्वे, खाली रस्ता. रूळ उचलल्यावर पुलाला काम उरले नाही. पण वर चढून गेले की खालची खोल दरी आणि समोर नागफणीचा सुळका दिसे. जेथून इंजिने धापा टाकीत जात, तेथे माणसे पायी जाऊन वारा खात उभी राहू लागली. पुढे पुलाजवळ लागलेल्या एका वेदनाशामक मलमाच्या जाहिरातीवरून लोक त्याला ‘अमृतांजन पूल’ म्हणू लागले. आसपासची जागाही ‘अमृतांजन पॉइंट’ झाली. पुलाचे मूळ काम काय होते, हे त्या नावाखाली बहुतेकांना विसरायला झाले.

ही विसर किती खोल होती ते पूल पाडताना दिसले. द्रुतगती मार्ग झाल्यावर पुलाचे खांब रस्त्यात येऊ लागले, वाहने तेथे अडकू लागली आणि अपघाताची भीती वाढली. अखेर ५ एप्रिल २०२० च्या सुमारास, करोनाच्या टाळेबंदीमुळे रस्ता मोकळा असताना, नियंत्रित स्फोटांनी तो पाडण्यात आला. बातम्यांत पुलाचे वय १९० वर्षे, म्हणजे बांधणीचे साल १८३० असे छापले गेले.

शिक्षकांनी हा आकडा वर्गात फळ्यावर लिहून मुलांपुढे ठेवण्यासारखा आहे. भारतात पहिली प्रवासी आगगाडी धावली १८५३ साली. बोरघाटातले रेल्वेचे काम सुरू झाले १८५६ साली. मग रेल्वेचा पूल १८३०चा कसा असेल? १८३० हे घाटातल्या गाडीरस्त्याचे साल. रस्ता पुलाखालून जात होता, म्हणजे हा पूल रस्त्यासाठी नव्हे, रस्त्याला ओलांडणाऱ्या दुसऱ्या कशासाठी तरी बांधलेला असणार. ते दुसरे काहीतरी म्हणजे रेल्वे. रस्त्याचा वाढदिवस पुलाला चिकटला, एवढाच याचा अर्थ. इतिहासातली तारीख पाठ करण्यापेक्षा ती अशी तपासून पाहणे अधिक उपयोगाचे.

दुसरीकडे काय झाले?

काम संपलेला रेल्वेपूल पाडायचाच असतो असे नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीवर पोकीप्सी गावाजवळ १८८९ साली एक प्रचंड लोखंडी रेल्वेपूल सुरू झाला. १९७४ साली आग लागून त्यावरची वाहतूक थांबली. पूल तसाच पडून राहिला. पाडण्याचा खर्च मोठा आणि दुरुस्तीचाही मोठा. १९९२ साली गावातल्या काही नागरिकांनी एकत्र येऊन तो चालण्यासाठी खुला करायचे ठरवले. त्यांना सतरा वर्षे लागली. ३ ऑक्टोबर २००९ रोजी पूल पादचाऱ्यांसाठी उघडला. पाण्यापासून सुमारे ६५ मीटर उंचीवर दोन किलोमीटर लांबीची ही सपाट वाट आता सार्वजनिक उद्यान आहे. पॅरिसमध्ये १९६९ साली बंद पडलेल्या एका रेल्वेमार्गाच्या कमानींवर १९९३ साली बाग आणि पायवाट झाली, तर कमानींखाली कारागिरांची दुकाने आली.

असे मार्ग चालायला इतके सोयीचे का होतात? कारण वर केलेल्या गणितातच आहे. इंजिनाची पकड दुबळी, म्हणून चढ सौम्य ठेवलेला. जो चढ इंजिनाला जड, तो माणसाला जवळजवळ सपाट. म्हातारी माणसे, लहान मुले, चाकाच्या खुर्चीत बसलेली व्यक्ती, सर्वांना रेल्वेची वाट झेपते. डोंगरातली पायवाट अशी नसते, तिचा चढ १ : ५ किंवा त्याहूनही तीव्र असतो. उंचीसाठी लागणारी ऊर्जा मात्र दोन्ही वाटांनी सारखीच. ६० किलो वजनाच्या माणसाने ५५८ मीटर चढायचे म्हणजे ६० गुणिले ९.८ गुणिले ५५८, सुमारे ३ लाख २८ हजार जूल. स्नायूंची कार्यक्षमता पाव धरली तर त्यासाठी साधारण ३१० किलोकॅलरी लागतील. ज्वारीच्या दोन भाकरींत हे भागते! फरक एवढाच, की पायवाटेने त्या भाकरी तासा-दोन तासांत खर्च होतात आणि रेल्वेच्या वाटेने दिवसभरात.

बोरघाटातला तो पूल राखायला हवा होता की नाही, यावर दोन मते असू शकतात. खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्यांचा जीव महत्त्वाचा होता, ही गोष्ट खोटी नाही. पण पाडण्याआधी पुलाचे मोजमाप, छायाचित्रे आणि खरे साल यांची चर्चा जेवढी व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. पूल गेला आणि त्याच्या नावावर चुकीचे साल राहिले, याची खंत वाटते.

आपल्या वर्गासाठी

हे पुन्हा घडू नये म्हणून शाळा थोडे काम करू शकतात. कल्याण-बदलापूर दरम्यान तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेचा प्रकल्प हाती घेतलेला आहे. मार्ग वाढतो तेव्हा जुनी बांधकामे बदलतात. उल्हासच्या खोऱ्यातला हा मार्ग १८५६चा. त्यावरचे ओढ्यांचे पूल, दगडी मोऱ्या, जुन्या स्टेशनांचे भाग यांतले आपल्या गावाजवळ काय उरले आहे याची यादी मुलांना करता येईल. सार्वजनिक रस्त्यावरून दिसणाऱ्या पुलाचे चित्र काढावे, कमानी मोजाव्यात, दगड कोणता ते ओळखावे. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून जुनी आठवण लिहून घ्यावी. आणि सालाचा दगड दिसला, तर ते साल नेमके कशाचे, हा प्रश्न जरूर विचारावा.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायला हवी. सोडून दिलेला मार्ग वेगळा आणि चालू मार्ग वेगळा. चालू रुळांवरून वा रेल्वेपुलावरून चालणे हा १९८९च्या रेल्वे कायद्याने गुन्हा आहे आणि जिवाचा धोका तर आहेच. पुलावर समोरून गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते. मुलांना घाट दाखवायचा तर कर्जतहून गाडीत बसवून न्यावे. मागून ढकलणारी इंजिने कोठे जोडतात, बोगदे किती येतात, गाडीचा वेग कसा बदलतो, याची नोंद खिडकीशी बसून करता येते. बाटलीत अर्धे पाणी भरून ती आडवी धरली, तर पाण्याची पातळी आणि बाटलीची कड यांतील कोनावरून चढही दिसतो. १ : ३७ चढात हा कोन जेमतेम दीड अंशाचा असतो. एवढ्याशा कोनासाठी बेचाळीस हजार माणसे राबली, हे त्या बाटलीकडे पाहताना मुलांना सांगावे.